मर्तिकाच्या सामानाचं दुकान: आमच्या चार पिढ्यांची हकिकत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावी वडिलांचं मर्तिकाच्या सामानाचं दुकान आहे, ते आता थकलेत आणि तुम्ही पदवी घेऊन घरी आला आहात. अमेरिकेत अंत्यविधीचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी घराणी असतात, त्यांना गावात मान असतो, असं तुम्ही वाचलंत. आपल्याकडे हे काम पिढीजात कसं चालत आलं, त्यात काय बदललं आणि तुम्ही ते पुढे न्यावं का, असं विचारलंत. मी पुण्यात हेच काम करतो. आजोबांनी दुकान थाटलं, वडिलांनी चालवलं, मी ३५ वर्षं करतोय आणि आता माझी लेक माझ्या बरोबरीनं करते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. आजोबा वस्तू विकायचे. वडील वस्तूंबरोबर माहिती द्यायला लागले. मी माणसं पुरवतो, अगदी खांदा द्यायलासुद्धा. हे आम्ही ठरवून केलं नाही. भाऊबंद आणि शेजारीपाजारी जे जे करायचे थांबले, ते ते मागायला लोक आमच्या दारात आले. तुमच्या गावात हे थांबणं आत्ता कुठं सुरू झालं असेल, म्हणून वडिलांचं दुकान अजून सामानाचंच आहे.

आम्ही मूळचे बुरूड. सुपं, टोपल्या, दुरड्या, रोवळ्या, धान्याच्या कणग्या हे आमचं काम. बाळ जन्मलं की पाचवीच्या पूजेला सूप आमच्याकडचं, लग्नात दुरड्या आमच्याकडच्या आणि माणूस गेला की तिरडीचे दोन बांबू आणि आडव्या कामट्याही आमच्याकडच्याच. पणजोबांच्या वेळी यात वेगळं असं काही नव्हतं. एकाच हातानं तिन्ही वस्तू दिल्या जायच्या आणि घेणाऱ्याला त्यात वावगं वाटायचं नाही.

कोणी गेलं की आळीतले चार जण चार दिशांना निघायचे. एक बुरुडाकडे, एक कुंभारवाड्यात मडक्यासाठी, एक गोवऱ्या आणायला, एक वखारीत लाकडं सांगायला. कोरं कापड, सुंभ, गुलाल, बुक्का, राळ, तूप, तुळस, ज्याच्याकडे जे असेल ते यायचं. तिरडी बांधण्यात हात बसलेला एखादा माणूस प्रत्येक आळीत असायचा. तो जेवत्या ताटावरून उठून यायचा आणि कोणी त्याचे आभार मानत नसे, कारण उद्या त्याच्या घरी हेच चौघे जाणार होते.

ही घडी पहिल्यांदा विस्कटली ती १९१८च्या मानमोडीत. मानमोडी म्हणजे तो जगभर पसरलेला इन्फ्लुएन्झा. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले होते. पुण्यातही घरंच्या घरं आडवी झाली होती. चार दिशांना धावायला चार धडधाकट माणसं कुठून आणणार? आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांनी सांगितलेली आठवण अशी की पणजोबांनी कुंभाराकडून मडकी आणि गवळ्याकडून गोवऱ्या आणून आपल्याच ओट्यावर ठेवल्या, म्हणजे येणाऱ्या एकट्या माणसाला सगळं एका जागी मिळावं. साथ ओसरली, पण लोकांना ती सोय लक्षात राहिली. पुढे आजोबांनी ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर जागा घेतली आणि फक्त याच सामानाचं दुकान थाटलं. पुण्याचं जुनं दहन ओंकारेश्वराच्या घाटावर व्हायचं. चिमाजी अप्पांची समाधीसुद्धा तिथेच आहे.

आता तुमच्या अमेरिकन घराण्यांबद्दल, कारण सुरुवात थेट आपल्यासारखी आहे. तिथला सुतार खुर्च्या-टेबलं करायचा आणि गावात कोणी गेलं की शवपेटीही करायचा. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग गावात बेंजामिन बक्ट्राउट नावाचा फर्निचर बनवणारा कारागीर होता. १७७० साली तिथले गव्हर्नर लॉर्ड बोटेटूर्ट वारले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीच्या कामात तो होता. त्या नावाचं अंत्यविधीगृह आजही त्या गावात आहे. पेटी करणारा सुतार आणि तिरडीचे बांबू देणारा बुरूड यांच्यात मला फरक दिसत नाही. वाटा फुटल्या त्या पुढे. १८६१ ते १८६५च्या त्यांच्या यादवी युद्धात घरापासून शेकडो मैलांवर मेलेल्या सैनिकांचे देह गावी पाठवायला रसायनं भरून ते टिकवण्याची कला वाढली. १८६५ मध्ये लिंकन यांचा देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत जवळजवळ दोन आठवडे रेल्वेनं नेला, गावोगावी लोकांनी दर्शन घेतलं आणि ती पद्धत सर्वमान्य झाली. देह टिकतो म्हटल्यावर तो ठेवायला जागा लागली, जागेला घर लागलं, घराला परवाना लागला. दुकानदार त्या घराच्या वरच्या मजल्यावर कुटुंबासह राहायला लागला. असं त्यांचं घराणं उभं राहिलं.

आपल्याकडे सगळं त्याच दिवशी उरकतं. देह ठेवायची गरज नाही. स्मशान नगरपालिकेचं, दाहिनी नगरपालिकेची, मंत्र गुरुजींचे, गाडी पालिकेची नाहीतर एखाद्या मंडळाची. मधल्या ज्या फटी उरतात त्या आमच्या. म्हणून आमच्यासारखी दुकानं लहान राहिली आणि पाटीवर घराण्याचं नाव आलं नाही. मुंबई-गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात शवपेट्या करणारी जुनी घराणी आहेत, त्यांचा प्रवास त्या अमेरिकन सुतारांच्या जास्त जवळचा आहे.

मान न मिळण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते स्पष्टच बोललं पाहिजे. मरणाचं काम आपल्या समाजानं जातीवर टाकलं होतं. गावगाड्यात मयताची वार्ता परगावी पोचवणं आणि सरणाची लाकडं वाहणं हे महारांवर लादलेलं काम होतं. १९५६च्या धर्मांतरानंतर गावोगावच्या माणसांनी ती कामं नाकारली आणि १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ वतनंच संपवली. फार योग्य झालं. मरणाचे विधी सांगणाऱ्या ब्राह्मणांनाही किरवंत म्हणून त्यांच्याच जातीत खाली बसवलं गेलं. आमची तीच गत झाली. आजोबांनी मर्तिकाचं दुकान थाटलं त्या वर्षापासून लग्नाच्या दुरड्या मागायला आमच्याकडे कोणी येईना. हात तेच, बांबू तेच. शेवटी आजोबांनी सुपा-दुरड्यांचं काम धाकट्या भावाला वेगळं काढून दिलं आणि हे स्वतःकडे ठेवलं. त्या भावाच्या घरच्यांनीही पुढे आमच्याशी नातं सांगणं हळूहळू कमी केलं. शाळेत मी ‘वडिलांचं बांबूचं दुकान आहे’ एवढंच सांगायचो. थोरल्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न दुकानाची चौकशी झाल्यावर मोडलं. त्या रात्री अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवले नाहीत, पण पहाटे तीनला कडी वाजली तेव्हा उठून त्यांनी बांबू काढून दिले. तुम्हाला हा व्यवसाय घ्यायचा असेल तर हे घडू शकतं हे धरून चाला. आता पूर्वीइतकं नाही, पण संपलेलंही नाही.

आजोबांनी घालून दिलेले नियम अजून आम्ही पाळतो. बांधलेली तिरडी दुकानात कधी ठेवायची नाही. बांबू, कामट्या, सुंभ सुटं द्यायचं, तिरडी मयताच्या दारातच बांधायची. सामान देताना हाताला हात लागू देऊ नका असं काही लोक सांगतात, आजोबांनी ते कधी मानलं नाही. निघणाऱ्याला ‘या’ म्हणायचं नाही. दारातला दिवा रात्रभर चालू ठेवायचा, म्हणजे अंधारात शोधत येणाऱ्याला विचारत फिरावं लागू नये. आणि पैसे त्या दिवशी मागायचे नाहीत. तेराव्यानंतर घरचं कोणीतरी येऊन देऊन जायचं. आजोबा म्हणायचे, बुडाले ते फार थोडे. आता लोक उभ्या उभ्या फोनवरून पैसे पाठवतात आणि तेही ठीकच आहे. त्यांनाही नंतर परत या दारात यायचं नसतं.

लाकडाचा हिशेब तेव्हा आठ मण. मण ३७ किलोंहून थोडा जास्त, म्हणजे तीनशे किलो झाले. मेट्रिक वजनं आली तेव्हा वखारवाल्यांनी आठ मणांचे सरळ तीनशे किलो केले आणि तो आकडा आजही चालतो. पण आकडा पुरेसा नसतो. देह किती जड, पाऊस आहे का, लाकूड कशाचं, यावर सगळं ठरतं. ओलं लाकूड दिलंत तर घरच्यांना जे बघावं लागतं ते ते आयुष्यभर विसरत नाहीत.

अण्णा २६ वर्षांचे होते तेव्हा १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं त्यात आमचं दुकान गेलं. बांबू वाहून गेले, गोवऱ्यांचा चिखल झाला. लोकांना हे माहीत असतं की घरं पडली, वाडे गेले. हे फारसं कोणी सांगत नाही की त्या आठवड्यात साध्या आजारपणानं गेलेल्यांनासुद्धा कोरडं सरण मिळणं अवघड होतं. अण्णा सांगायचे की त्यांनी पुराच्या पाण्यापासून लांब असलेल्या वस्त्यांत फिरून, पोत्यात बांधून डोक्यावरून गोवऱ्या आणल्या. तेव्हापासून आमचा निम्मा साठा दुसऱ्या उंच जागी असतो. १९७०च्या सुमारास नव्या पेठेत वैकुंठ स्मशानभूमी झाली, घाटावरचं दहन थांबलं आणि दुकानही हललं.

अण्णांच्या काळात दोन गोष्टी बदलल्या. पहिली कागदाची. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला आणि हळूहळू डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय स्मशानाचा पास मिळेनासा झाला. माणूस रुग्णालयात गेला तर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४ रुग्णालय देतं, घरी गेला तर उपचार करणारे डॉक्टर ४-अ भरून देतात. नोंदणी २१ दिवसांत करायची, पुढे विलंब शुल्क आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. अण्णा फारसे शिकलेले नव्हते, पण हे कोरे नमुने दुकानात ठेवायला त्यांनी सुरुवात केली आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायला लागले. हळूहळू लोक सामानाच्या आधी ते विचारायला येऊ लागले. तुम्ही दुकान घेतलंत तर कागदाचं काम आधी शिका. आजची सगळ्यात मोठी अडचण ही आहे की घरी मृत्यू झाला तर दाखला द्यायला डॉक्टर मिळत नाहीत, कारण कुटुंबाचे असे डॉक्टरच राहिले नाहीत. आपल्या भागात घरी येऊन तपासून दाखला देणारे कोण आहेत हे तुम्हाला रात्री दोन वाजताही माहीत असलं पाहिजे. आणि अपघात, आत्महत्या, संशय असं काहीही असेल तर घरच्यांनी कितीही गळ घातली तरी पोलिसांना कळवल्याशिवाय बांबूला हात लावायचा नाही.

कागदाचं आणखी एक. दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय का ते तिथल्या तिथे बघायला लावा. शोकात कोणाचं लक्ष नसतं. मग वेलांटी चुकली म्हणून विधवा बाई पेन्शनच्या कचेरीत आणि बँकेत वर्षभर खेटे घालते. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मीच चष्मा लावून वाचतो.

दुसरी गोष्ट पद्धतींची. पूर्वी दुकानात येणारा माणूस आळीतला असायचा, त्याची पद्धत आजोबांना पाठ असायची. पुणं वाढलं तसे सोलापूर, लातूर, खानदेश, कोकण, सगळीकडून लोक आले. अण्णांची एक चूक त्यांनीच मला सांगितली. एका नव्या वसाहतीतून निरोप आला आणि त्यांनी नेहमीसारखी तिरडी बांधून ठेवली. घर लिंगायत होतं. त्यांच्यात देह बसवून विमान, म्हणजे पालखीसारखी उभी तिरडी, बांधतात आणि समाधी देतात, दहन नसतंच. घरातल्या आजोबांनी ती आडवी तिरडी बघितली आणि ते गप्प उभे राहिले. अण्णांनी सगळं सोडून पुन्हा बांधलं, एक पैसा घेतला नाही आणि त्या दिवसापासून दुकानात आमचा पहिला प्रश्न ठरला: ‘तुमच्यात कसं करतात?’

या एका प्रश्नावर आमचं दुकान चाललंय असं मी म्हणेन. सवाष्ण गेली तर हिरवी साडी, ओटी, मळवट. बौद्ध घरी पांढरं वस्त्र, त्रिशरण-पंचशील, पुढे पुण्यानुमोदन. तिथे पिंड आणि दर्भाचं सामान पुढे करणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. वारकरी घरी टाळ-मृदंग आणि बुक्का. तान्ह्या मुलाला पुरतात. गोसाव्यांत समाधी. कोणाकडे तिसऱ्या दिवशी सावडतात, कोणी दुसऱ्याच दिवशी. घरच्या तरुणांना हे माहीत नसतं, तेच मला विचारतात, ‘काका, आमच्यात कसं करतात?’ तेव्हा मी त्यांना सांगतो की गावाकडच्या आत्याला नाहीतर चुलत्याला फोन लावा, मी थांबतो. स्वतःच्या मनानं मी कोणाची पद्धत ठरवत नाही. मडकं फुटल्यावर उचललेला अश्मा, ज्याला जीवखडाही म्हणतात, तो कोणाकडे दिला आहे हे मी स्वतः लक्षात ठेवतो, कारण दहाव्यापर्यंत तो लागतो आणि गडबडीत हमखास हरवतो.

माझ्या वेळी इमारती उंच झाल्या. हे ऐकायला साधं वाटतं, पण तिरडीचे बांबू साडेसात-आठ फुटी आणि लिफ्ट सहा माणसांची. देह लिफ्टमध्ये आडवा मावत नाही. सुरुवातीला लोक खुर्चीत बसवून, चादरीत धरून जिन्यावरून आणायचे. एकदा पाचव्या मजल्यावरून एका वयस्कर गृहस्थांना आणताना दोन जावई जिन्यात घसरले. त्या गृहस्थांच्या बायकोनं वरून ते पाहिलं. मी त्या आठवड्यात जाड ताडपत्रीच्या कापडाला सहा कड्या आणि पट्टे शिवून घेतले, देह त्यात घट्ट बसतो आणि वळणावर तिरका धरता येतो. तिरडी खाली वाहनतळावर बांधायची. आजोबांची ‘दारात बांधायची’ ही रीत अशी जिन्याखाली आली.

मग मुलं परदेशी गेली. पूर्वी बर्फाच्या लाद्या आणि लाकडाचा भुसा लावून एक रात्र काढायचो. मुलगा अमेरिकेहून निघाला की दीड-दोन दिवस लागतात, म्हणून मी कर्ज काढून थंड शवपेटी घेतली. देहाला विमानानं न्यायचं असेल तर रसायन भरल्याचा दाखला, पोलिसांचं ना हरकत, पेटी बंद केल्याचं प्रमाणपत्र, हे सगळं शिकलो. परदेशातून आणायचा असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाचं पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट लागतो. म्हणजे बघा, दीडशे वर्षांपूर्वी युद्धानं जे अमेरिकेत घडवलं, ते आपल्या घरात मुलांच्या नोकऱ्यांनी घडवलं. देह थांबायला लागला. आणि न्यू जर्सीत वारलेल्या मराठी माणसाचं दहन तिथल्याच एखाद्या पिढीजात अंत्यविधीगृहातून होतं. एकदा तिथून अस्थी घेऊन आलेल्या मुलानं मला सांगितलं की तिथल्या माणसानं त्याला पहिला प्रश्न हाच विचारला, तुमच्यात कसं करतात.

विद्युतदाहिनी आणि पुढे गॅसदाहिनी आली तेव्हा आमच्यासारख्यांना वाटलं, संपलं आता. लाकूड नाही, गोवऱ्या थोड्या. उलट मला वाटतं, झालं ते बरं झालं. झाडं वाचली आणि पावसाळ्यातली ती यातना गेली. तिथे काम वेगळं असतं: प्लास्टिकचे हार, काच, धातू काढून घ्यायचं, घरच्यांना तास-दीड तास थांबायला सांगायचं आणि छातीत पेसमेकर आहे का हे न चुकता विचारायचं. उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते, दाहिनीला आणि कामगाराला इजा होऊ शकते. तो आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. कोणी आपण होऊन सांगत नाही.

खांदेकरी पुरवायला मी २००५च्या आसपास सुरुवात केली. एका इमारतीत आजी वारल्या, घरात फक्त मुलगी आणि जावई. शेजारची दारं उघडी होती, लोक हळहळत होते, पण कोणी पुढे होईना. वाईट माणसं नव्हती, त्यांना काय करायचं हेच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी आणि दुकानातला मुलगा पुढे झालो. तेव्हापासून आमची चार माणसं असतात. त्यांना मी सांगून ठेवलं आहे: घरचा कोणी पुढे आला की आपण लगेच बाजूला व्हायचं, तो खांदा त्याचा आहे. आणि शववाहिनीच्या चालकाला सांगितलं आहे की वाटेत एकदा गाडी कडेला घेऊन मिनिटभर थांबायचं. पूर्वी तिरडी वाटेत विसाव्याला ठेवून खांदे बदलायचे. गाडीला विसावा लागत नाही, पण माणसांना लागतो. गाडी थांबली की आत बसलेला मुलगा बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा रडतो.

करोनाबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच ९ मार्च २०२०ला सापडले आणि पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०२१च्या, आम्ही तीन आठवडे घरी गेलो नाही. देह पिशवीत बंद, घरचे लांब उभे नाहीतर स्वतःच रुग्णालयात. ‘तुमच्यात कसं करतात’ हे विचारायला समोर कोणी नव्हतं. आमच्या एका माणसानं आपण होऊन ठरवलं की प्रत्येकाच्या पिशवीवर तुळशीचं एक पान ठेवायचं आणि नाव मोठ्यानं एकदा वाचायचं. किती जणांसाठी केलं ते त्यानं मोजलं नाही. पणजोबांनी मानमोडीत ओट्यावर मडकी मांडली होती ते मला त्या दिवसांत फार आठवायचं.

त्याच महिन्यात माझी लेक कामात आली. ती हिशेबनीस म्हणून नोकरी करत होती, ती बंद होती, म्हणून फोन घ्यायला बसली. तिच्या आवाजानं लोक शांत होतात हे मी तेव्हा ऐकलं. मग ती थांबलीच. बाईला अंघोळ घालायची असते, साडी नेसवायची असते तेव्हा घरात कोणी जाणती बाई नसेल तर ती जाते. पूर्वी हे माझी आई करायची, पण तिचं नाव दुकानात कधी कोणी घेतलं नाही. सुरुवातीला एक-दोन घरांतून ‘बाईमाणूस कशाला पाठवलं’ असं ऐकू आलं. त्यांना मी एकच सांगतो. याच पुण्यात २८ नोव्हेंबर १८९०ला जोतीराव फुले गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी स्वतः धरलं होतं. आज अग्नी देणाऱ्या मुली मला दर महिन्याला भेटतात आणि मडकं खांद्यावर कसं धरायचं हे माझी लेक त्यांना शेजारी उभी राहून दाखवते.

आता तुमचं. घ्यावं का, तर माझ्या मते घ्यावं, पण सामानाचं दुकान म्हणून नाही. बांबू आणि मडकं आता कोणीही फोनवर मागवू शकतो, त्यात उद्या तुमचा निभाव लागणार नाही. तुमच्याकडे जे आहे ते तुमच्या वडिलांच्या डोक्यात आहे. तालुक्यातल्या कुठल्या वाडीत कशी तिरडी बांधतात, कोणाकडे दहन, कोणाकडे समाधी, कुठल्या ओढ्याला पावसाळ्यात उतार मिळत नाही, कुठल्या गावाला अजून स्मशानाची शेड नाही, दाखल्यासाठी कोणते डॉक्टर येतात. रोज संध्याकाळी तासभर त्यांच्यापाशी बसा आणि गाववार लिहून घ्या. मी अण्णांचं असं लिहून घेतलं नाही. ते गेल्यावर एकदा एका कैकाडी कुटुंबातून माणूस आला, अण्णांना त्यांची रीत माहीत होती आणि मला नव्हती. मी त्यांनाच विचारलं, पण त्यांच्यातले जाणते त्या दिवशी गेलेलेच गृहस्थ होते.

पैशाचं म्हणाल तर घर चालतं, मुलं शिकतात. श्रीमंती येत नाही आणि ज्याला यात श्रीमंती दिसायला लागते त्यानं हे करू नये. शोकातला माणूस भाव करत नाही, त्यामुळे त्याला फसवणं फार सोपं असतं. दर पाटीवर लिहून लावा. पालिकेकडून जे फुकट मिळतं, शववाहिनी असो, लाकूड असो, ते आधी सांगा आणि मग आपलं सांगा.

घरच्यांना तयार करा. लग्न ठरताना लपवू नका. रात्री झोप मोडते, सणाच्या दिवशी उठावं लागतं, दिवाळीच्या पहाटेही कडी वाजते. पहिल्या वर्षी लहान मूल गेलेल्या घरी जावं लागेल तेव्हा दुसऱ्या दिवशी काम करू नका. मी केलं होतं, करायला नको होतं.

हवं तर महिना-दोन महिने माझ्याकडे येऊन राहा. मेमध्ये आलात तर बरं. पावसाळ्याआधी गोवऱ्या रचायचं काम तेव्हा चालू असतं. खाली विटा, त्यावर फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर आणि वरून ताडपत्री, पण हवा खेळती राहील अशी. हे सांगून नीट कळत नाही, हातानं एकदा रचावं लागतं.